पाच अडतीसचा जोड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही प्रकाशला ओळखत नाही. ओळखत असाल तर — तर असू द्या. आता मागे फिरायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

सातपूरला माझं वर्कशॉप आहे. जीपगाड्यांची कामं करतो, त्यातही जास्त करून अॅक्सलची. तोंडाचा फटकळ आहे. गिऱ्हाईक शहाणपणा करायला लागलं की सांगतो, गाडी तुझी असेल, पण इथे अक्कल माझी चालणार. लोक हसतात आणि ऐकतात. दिलीप शिव्या देईल, पण खोटं सांगणार नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं. हे कानावर आलं की मी उगाचच पाना शोधायला लागतो.

प्रकाश माझा शाळेपासूनचा मित्र. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा. सकाळी माल बाजारात पोचवून तो थेट माझ्याकडे यायचा, चहा माझ्या नावावर प्यायचा आणि माझ्याच खुर्चीत बसायचा. त्याच्या शर्टाला कायम शेवंतीचा वास. ऑइल-ग्रीसच्या त्या खोलीत तो वास दुपारपर्यंत राहायचा — की मलाच तसं वाटायचं?

त्याची एक जुनी जीप होती, चारही चाकं ओढणारी. आम्ही दोघांनी मिळून ती उभी केली होती. दर रविवारी पेठकडच्या, हरसूलकडच्या डोंगरांत जायचो. दगडांची चढण, ओढ्यांची वाट, कुठेतरी झाडाखाली भाकरी. बोलणं फारसं नसायचंच. तुम्हाला असं माणूस मिळालंय का, ज्याच्याशेजारी गप्प बसलं तरी दिवस भरल्यासारखा वाटतो? मला तो एकच मिळाला. संसार आहे, मुलं आहेत, सगळं आहे. पण आठवडा मी रविवारसाठी काढायचो, हे खरं आहे.

एकदा डोंगरातच पुण्याच्या एका ग्रुपची गाठ पडली. पोरं चांगली होती, मला उगाच आवडली नाहीत. ती लडाखला निघणार होती आणि त्यांनी प्रकाशला चल म्हटलं. लडाख हे त्याचं शाळेपासूनचं वेड. भूगोलाच्या पुस्तकात त्याने त्या पानाला घडी घालून ठेवली होती. शिवाय त्यांच्यातल्या एकाचा तिकडे पाहुण्यांना फिरवायचा धंदा होता. स्वतःची गाडी असलेला माणूस उन्हाळाभर लागतो, म्हणाला. जमलं तर दरवर्षी या.

प्रकाशने मलाही विचारलं. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, मला हलता येत नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं. तरी विचारलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाला, मळा भाऊ बघेल. मी म्हटलं, जा की. तोंडाने म्हटलं.

जायचं म्हणून त्याने मोठे टायर आणले. आता हे थोडं समजून घ्या, कारण माझं पाप नेमकं इथेच आहे. टायर मोठा झाला की इंजिनला तो फिरवायला जास्त जोर पडतो. गाडी दमते, चढावर मरते. मग अॅक्सलमधला क्राऊन-पिनियनचा, म्हणजे दोन दातेरी चाकांचा, जोड बदलावा लागतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनला जास्त फेरे मिळतात आणि गेलेला जोर परत येतो. पण किती बदलायचा? कमी बदलला तर गाडी लोळते. जास्त बदलला तर डोंगर चढते घोरपडीसारखी, पण हायवेवर तिला वेग राहत नाही. सत्तरच्या पुढे गेलं की इंजिन बोंबलतं, तापतं. लांबच्या प्रवासाला अशी गाडी निकामी.

त्याच्या गाडीत पावणेचारचा रेशो होता, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे पावणेचार. त्या टायरांना सव्वाचारचा जोड पुरेसा होता. डोंगरासाठी लो गिअर वेगळा होताच. सव्वाचारचे दोन जोड माझ्याकडे होते, पुढच्या अॅक्सलला एक आणि मागच्याला एक, तेलात ठेवलेले. त्यांच्याच खाली जुन्या भंगार जीपमधून काढलेले पाच अडतीसचे, म्हणजे सव्वापाचच्याही वरचे, दोन होते.

मी पाच अडतीसचे बसवले.

चुकून नाही. घाईत नाही. दोन्ही अॅक्सल उघडून, शिमांच्या पातळ चकत्या लावून, दात नीट बसलेत का ते बघून — आयुष्यात इतकं सफाईचं काम मी केलं नसेल. प्रकाश शेजारी उभा राहून बॅटरी धरत होता. त्याने विचारलं, हाच लागतो ना मोठ्या टायरला? मी मान वर न करता म्हटलं, हाच लागतो.

मला तो जायला नको होता. एवढंच. तो तिकडे रमेल, दर उन्हाळ्याला जाईल, मग कधीतरी हिवाळ्यातही परतणार नाही — हे मला दिसत होतं आणि सोसत नव्हतं. त्याला तोंडावर सांगता आलं नसतं का, जाऊ नको म्हणून? आलं असतं. पण तो मग हसून गेलाच असता. म्हणून मी गाडीलाच अडवायला लावलं.

तो निघाला. मी रस्त्यापर्यंत जाऊन हात केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप माझ्या दारात. धुळ्याच्या पुढे इंजिन इतकं तापलं की पाणी उकळून बाहेर आलं. पुण्याच्या गाड्या थांबत थांबत शेवटी पुढे गेल्या होत्या. तो घरी न जाता आधी माझ्याकडे आला. चेहरा धुळीने भरलेला. "पळत नाय रे, दिल्या," म्हणाला, "वरडती नुसती." मी बॉनेट उघडलं, रेडिएटर पाहिला, नळ्या चाचपल्या. सगळं नाटक. काही करता येईल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, हायवे तिला मानवत नाही. त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वासच तेवढा होता.

आणि मला आनंद झाला. हे सांगायची लाज वाटते, पण झाला. त्याच्यासाठी चहा सांगितला तेव्हा मी मनातून उड्या मारत होतो.

पुढची बरीच वर्षं रविवार माझे राहिले. चढावर जीप कुणाला ऐकायची नाही. बाकीचे जीपवाले विचारायचे, रेशो कुठला? प्रकाश कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवायचा. लडाखचं नाव त्याने हळूहळू टाकलं. ते पान कुठे गेलं, मी कधी विचारलं नाही.

मग त्याला साखर निघाली आणि ती डोळ्यांत उतरली. आता त्याला कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. गाडी सुटली. जीप मी चालवतो, तो शेजारी बसतो. डोंगर आला की मी सांगतो, डोंगर आलाय. तो बरं म्हणतो.

गेल्या महिन्यात मी दोन्ही अॅक्सल उघडले आणि सव्वाचारचे जोड बसवले. कशासाठी? आता कुणासाठी? मला सांगता येत नाही.

मग त्याला देवळ्याला त्याच्या बहिणीकडे न्यायचं होतं. आग्रा रोडला लागलो आणि जीप ऐंशीवर गेली. आवाज नाही, थरथर नाही. प्रकाशने कान दिला. डॅशबोर्डवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आज वरडत नाय रे ही."

मी म्हटलं, रस्ता नवीन केलाय ना, म्हणून.

"आसंल," तो म्हणाला. मग डॅशबोर्ड थोपटत, "तेव्हा आशी पळाली आसती, तर लय लांब गेलो आसतो मी."

तोंड माझ्याकडेच वळवलेलं होतं. माझा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि मला त्याचं बरं वाटलं — असा मी माणूस आहे. देवळ्याचा फाटा आला तसा मी वेग कमी केला. त्याला ते कळलं. वळू नको, म्हणाला, बहीण काय पळून जात नाय, जरा पुढं जाऊ. काच खाली करून त्याने तोंड वाऱ्यावर धरलं.

मी पुढे घेतली. मालेगाव मागे पडलं, धुळ्याच्या पाट्या दिसायला लागल्या. तो मधूनमधून विचारत होता, आता काय दिसतंय? जे दिसत होतं ते सगळं मी त्याला सांगितलं, आणि हे सांगितलं नाही.