हिंदुरावांचं तेल

पळसदेवात हिंदुरावांना चिडवायचं तर फार कष्ट लागत नसत. "आबा, ती मळीची बाटली बरी हाय का?" एवढं विचारायचं आणि गप ऐकत बसायचं. वर चहाही त्यांच्याच घरचा मिळायचा, कारण चिडलेल्या माणसाला समोर श्रोता लागतो आणि श्रोत्याला चहा.

बाटलीत साखर कारखान्याची मळी नव्हती. कच्चं खनिज तेल होतं. चौऱ्याहत्तर साली बॉम्बे हायला समुद्राच्या तळाखालून पहिल्यांदा वर आलं, त्यातलं. हिंदुराव तेव्हा तिथल्या जहाजावर नोकरीला होते. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरलेला, पोराला धड पोहता येईना, आणि पोरानं नोकरी धरली ती समुद्रात लोखंडी पाय रोवून उभ्या राहणाऱ्या जहाजावर! तेल लागलं त्या दिवशी लोकांनी रंगपंचमीसारखं एकमेकांच्या तोंडाला फासलं. हिंदुरावांनी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली शोधली आणि चार बोटं भरून घेतली.

नोकरी संपवून गावी आले तेव्हा पहिल्या वर्षी ते सांगत, "आम्ही तेल काढलं." दुसऱ्या वर्षी 'आम्ही'चं 'मी' झालं. तिसऱ्या वर्षी ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीचे लोक जहाजावर हवा खायला गेले होते. आत चुलीपुढं म्हाळसाबाई, त्यांची बायको, हे सगळं ऐकायची. बोलायची काही नाही, नुसती हसायची. ते हसणं हिंदुरावांना अजिबात आवडत नसे.

गावाचा तर विश्वासच नव्हता; बाटलीत मळीच आहे म्हणायचे. म्हणून शहाण्णव साली शाळेनं एका खोलीत संग्रहालय मांडायचं काढलं आणि मानसिंग सर बाटली मागायला आले, तेव्हा हिंदुरावांनी आढेवेढे घेत, पण मनातून उड्या मारत, ती पटक्यात गुंडाळून दिली. काचेच्या कपाटात नाव लागलं की गावाची तोंडं बंद होतील, हा हिशोब.

मांडामांड सरांनी सोपवली श्रीपतीवर. श्रीपती शाळेचा शिपाई, पण त्याआधी साखर कारखान्यात कित्येक हंगाम राबलेला. हिंदुराव मधल्या काळात लेकीकडं बारामतीला होते, ते पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला आले आणि थेट कपाटापुढं गेले. पाहतात तर साखरेची वाटी, उसाचा चोथा आणि त्यांच्या मधोमध त्यांची बाटली. खाली सुबक अक्षरात पाटी: 'मळी'.

"श्रीपत्या! ही मळी?"

"मग काय आबा? काळं, दाट, बाटलीत भरल्यालं. दुसरं काय असतंय?"

"आन् झाकण कुणी ढिलं केलं?"

"मीच की. मळीला उन्हाळ्यात फेस येतो, बाटली फुटती. काच पोरांच्या पायात गेली म्हंजे?" श्रीपतीच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती.

हिंदुरावांनी बाटली उजेडात धरली. सगळा उन्हाळा उघडी राहून तेल आटलं होतं. चार बोटांचं जेमतेम एक बोट राहिलं होतं, तेही डांबरासारखं.

"अरं शहाण्या, मळी असती तर मुंगी लागली नसती का?"

"लई जुनी मळी हाय आबा. मुंग्यांनीबी नाद सोडला."

हिंदुरावांचा आवाज पार मंदिरापर्यंत गेला. माणसं गोळा झाली, म्हाळसाबाईही आली. मानसिंग सरांनी मार्ग काढला, "पाटी बदलतो, पण खात्री नको का? थोडं जाळून बघू."

"म्हंजे माझं तेल खरं ठरवायला माझंच तेल जाळायचं?"

"एक थेंब."

"सर, हितं थेंबच उरलेत!"

पण माघार घेतली तर मळी कायमची चिकटणार. हिंदुरावांनी पणतीत काडीनं थोडं काढून दिलं. वात लावली. काळा धूर निघाला, उग्र वास पसरला, पोरं नाक धरून हसायला लागली. श्रीपती म्हणाला, "वाळली म्हंजे मळीबी पेटत आसंल."

हिंदुराव आता त्याच्या अंगावरच जाणार, तेवढ्यात म्हाळसाबाई पुढं आली. पदर नाकावरून काढून तिनं वास घेतला.

"ह्योच वास," ती म्हणाली. "त्या शिमग्याला हे घरी आले, तवा बनियानला ह्योच वास हुता. गाव धरणात बुडायच्या आदी, जुन्या घाटावर तीनदा धुतलं मी. बनियान गेलं, वास न्हाय गेला."

हिंदुरावांची छाती फुगली. "ऐका सर! श्रीपत्या, ऐक! घरची साक्ष हाय!"

इथं त्यांनी बायकोला घरी न्यायला हवं होतं. पण माणूस जिंकायला लागला की त्याला आणखी जिंकावंसं वाटतं. "सांग गं सगळ्यास्नी, मी तितं काय करीत हुतो!"

"सांगू?"

"सांग की!"

"त्या वासाखाली कांद्याचा वास हुता. हे मेसला हुते न्हवं. रोज पोतंभर कांदा चिरायचे."

पणती विझली तरी माणसं हसतच होती.

आठवड्यात नवी पाटी लागली: 'कच्चे खनिज तेल, बॉम्बे हाय, १९७४. देणगी: हिंदुराव, जहाजावरील आचारी.' शेवटचे दोन शब्द खोडा म्हणून हिंदुराव सरांच्या मागं लागले. सर म्हणाले, "आबा, साक्षीदार एकच. तिचं अर्धं खरं आणि अर्धं खोटं कसं लिहू?"

आता मळीचं नाव कुणी काढत नाही. आता विचारतात, "आबा, तेल लागलं त्या दिवशी भाजी काय हुती?"

"पिठलं!" हिंदुराव ओरडतात. "आन् करपलं हुतं! समदी तेल बगायला वर पळाली, मी काय एकटा खाली हलवीत बसू?"