छातीशी धरलेला गाळ

१२ फेब्रुवारी १९७२, शनिवार. क्लेमंट ग्रिमशॉने साडेबारा पेन्स मोजून बिअरची एक बाटली विकत घेतली आणि परतीच्या बसमध्ये ती दोन्ही हातांनी उभी धरून बसला. आडवी झाली असती तर तळाचा गाळ ढवळला असता, आणि क्लेमंटला बिअरपेक्षा तो गाळच हवा होता.

यॉर्कशरमधल्या त्या गिरणीच्या गावात थॉर्नबेक कारखान्याची बिअर बाटलीतच मुरत असे आणि तळाशी यीस्टचा पातळ थर बसत असे. लोक तिला ‘गढूळ’ म्हणत. कारखान्यात नवा व्यवस्थापक आला आणि यापुढे बिअर गाळून, वरून गॅस भरून विकायची, असे त्याने ठरवले. गावातली गढूळ आठवड्याभरात संपली. ही शेवटची बाटली क्लेमंटला पलीकडच्या गावात, एका दुकानाच्या मागच्या फळीवर सापडली.

हा खटाटोप सासऱ्यापायी होता. सायलस एक्क्याऐंशी वर्षांचा होता आणि लेकीकडेच राहत होता. गावच्या बँडमधला सर्वांत मोठा पितळी भोंगा त्याने उभी हयात वाजवला होता. संध्याकाळी एक गढूळ पोटात गेली की तो आठाला घोरायला लागे. ती न मिळाल्यास भोंगा काढून बसे. गाळलेली बिअर त्याने एकदाच तोंडाला लावली.

“ही बिअर नव्हे,” तो म्हणाला. “डोंगरापलीकडचे लँकेशरवाले यात पाय धुतात.”

क्लेमंट गिरणीच्या पगार विभागात होता आणि सुट्टीच्या दिवशी घरीच बिअर करायचा, पण केमिस्टकडच्या पुडीतले यीस्ट घालून. तीही सायलसला चालेना.

“पोरा, ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं.”

शेवटी क्लेमंटने ठरवले की गढूळच्याच गाळाचे विरजण वाढवायचे आणि आपल्या बिअरला लावायचे. ते साधले नाही, तर भोंगा सासऱ्याच्या अखेरपर्यंत ऐकावा लागणार होता. सायलसचे वडील शहाण्णव वर्षे जगले होते.

बाटली फडताळात तीन दिवस उभी राहिली. मंगळवारी क्लेमंटने ती श्वास रोखून पेल्यात ओतली आणि गाळ वर येऊ लागताच हात आवरला. मागे सायलस उभा होताच. त्याने बाटलीकडे हात केला.

“आण इकडे. शेवटचं हलवून प्यायचं असतं. पोट साफ राहतं.”

“बाबा, आजच्यापुरता गाळ मला सोडा. महिन्याभरात चाळीस बाटल्या देतो.”

“आणि महिनाभर मी काय करू?”

“भोंगा वाजवा,” क्लेमंट म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला तिथल्या तिथे कळले.

सायलसने हात मागे घेतला.

क्लेमंटने बाटलीचे तोंड ज्योतीवर फिरवले आणि गाळ एका उकळलेल्या औषधाच्या बाटलीत, माल्टच्या निवलेल्या पाण्यात ओतून वर कापसाचा बोळा बसवला.

“आपल्या पोरीच्या दुधाची बाटली तू इतकी कधी उकळली नव्हतीस,” त्याची बायको ईनिड म्हणाली.

दोन दिवस काहीच हालचाल नव्हती. तिसऱ्या दिवशी एक बुडबुडा आला आणि क्लेमंटने ईनिडला तो पाहायला जिन्यावरून खाली बोलावले. ती येईपर्यंत फुटला होता.

त्याच सुमारास खाणकामगारांच्या संपामुळे कोळसा मिळेनासा झाला आणि वीजही पाळीपाळीने जाऊ लागली. घरात तोंडातून वाफ निघायची. यीस्ट गारठले तर तळाशी जाऊन झोपते, म्हणून क्लेमंटने बाटली बनियनच्या आत घेतली. ईनिडने कुरकुरत का होईना, आतून एक खिसा शिवून दिला. भिंतीपलीकडे सायलस बँडच्या जुन्या संचलनाच्या धुना वाजवत होताच, आणि तिचीही झोप गेली होती.

रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना होती. तिथे दारूचे नावही निषिद्ध, प्रभुभोजनातला द्राक्षरससुद्धा न आंबलेला. आपल्या छातीतून बिअरचा वास दरवळला तर काय, या धास्तीने क्लेमंटने कापसाचा बोळा काढला आणि घट्ट बूच ठोकले. तिथेच तो चुकला. गच्च भरलेल्या बाकावर, ओव्हरकोटाच्या आत, यीस्टला ऊब मिळाली आणि ते कामाला लागले.

खाचांच्या तबकातून द्राक्षरसाच्या इवल्या पेल्या सर्वांच्या हाती देऊन झाल्या. लोकांनी त्या रिकाम्या केल्या. पाद्री ऑलरॉइड यांनी डोळे मिटले.

“हे प्रभो, आमच्या अंतःकरणात काय दडले आहे, ते तू जाणतोस.”

बूच उडाले.

आवाज कोटात दबला, पण त्यापाठोपाठची फसफस सगळ्या चॅपलने ऐकली. फेस पोटावरून खाली गेला आणि थोडा बाहीतून मनगटावर उतरला. ईनिड समोर बघत राहिली. मागच्या बाकावरून सिडनी पिकल्स पुढे वाकला. हा क्लेमंटचा भिंतीला भिंत लागलेला शेजारी, आणि घरच्या बिअरच्या स्पर्धेत दरवर्षी त्याला हरवणारा.

“बूच लावलंस?” तो कुजबुजला.

“वास येईल म्हणून.”

“म्हणून त्याचा गळा दाबलास? बाही खाली कर, गाढवा.”

आणि पिकल्सने आपली रिकामी पेली मनगटाखाली धरली. चमचाभर जमले.

“तू मला मदत करतोयस?”

“तुला कशाला? भोंग्याची भिंत आपल्या दोघांची आहे.”

दाराशी ऑलरॉइड यांनी क्लेमंटचा हात हाती घेतला आणि तो चिकट का, याचा विचार करीत थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

“ग्रिमशॉ, छातीचं काही दुखणं?”

“मनापासून प्रार्थना करतात हो ते, घाम फुटतो,” ईनिड म्हणाली.

पिकल्स हातमोज्यात झाकलेली पेली घेऊन मागून आला. चमचाभर गाळ पुन्हा माल्टच्या पाण्यात पडला. या वेळी कापसाचाच बोळा, आणि बाटली एक दिवस क्लेमंटच्या पोटाशी, एक दिवस पिकल्सच्या. गुरुवारी वर बोटभर फेस आला. मार्चमध्ये क्लेमंटने बिअरचा मोठा घाणा लावला, तो आंबू दिला, बाटल्या भरल्या आणि पुन्हा वाट पाहिली. सायलसने या काळात दोन नवीन धुना बसवल्या.

एप्रिलच्या एका संध्याकाळी पहिली बाटली उघडली. सायलसने बिअर ओतली, शेवटचे हलवून तेही पेल्यात घेतले, उजेडासमोर धरून पाहिले आणि सावकाश पिऊन संपवले. क्लेमंट खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

“गढूळ आहे,” सायलस म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे गढूळ आहे, पोरा. उद्याचीही काढून ठेव.”

आठाला त्याचे घोरणे सुरू झाले. भिंतीवर पलीकडून पिकल्सने दोनदा टकटक केली.

बाटल्या धुण्याआधी उरलासुरला गाळ आता सायलस चॅपलच्या त्याच इवल्या पेलीतून घेतो, पोटासाठी, आणि ती हातातून सोडत नाही. तिकडे पेल्यांच्या तबकात एक खाच रिकामी आहे. क्लेमंट ग्रिमशॉकडून चॅपलला एक पेली येणे बाकी आहे.