ट्रॅक्टर खाली हाय

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात घाटाचा दोष पावशेर आणि माझ्या तोंडाचा सव्वाशेर आहे.

दरवर्षी थंडीत मी पुण्याच्या पाच-सहा माणसांना माझ्या बीड जिल्ह्यात सायकलवर फिरवून आणतो. चार दिवसांचा कार्यक्रम असतो. अंबाजोगाईहून निघायचं, आडसवरून धारूर गाठायचं, दुसऱ्या दिवशी धारूरचा घाट उतरून तेलगाव, तिथून वडवणी, बीड आणि शेवटी मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्यापर्यंत. बीड म्हटलं की लोकांना नुसतं उजाड माळरान दिसतं. बालाघाटाचे डोंगर आणि त्यातल्या दऱ्या पाहून ते चकित होतात आणि मी उगाचच, जणू हे डोंगर मीच रचलेत, अशा थाटात मिरवतो.

त्या वर्षी पाहुण्यांत एक डॉक्टर जोडपं होतं, बँकेत काम करणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या आणि एक निवृत्त साहेब होते. सहावी माझी बहीण, ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शिरूर कासारजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवणारी. सामान घेऊन पुढे टेंपो चालवायला चाचा होते. परळीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि सगळे त्यांना चाचाच म्हणतात.

ताई सायकल शिकली बावन्नाव्या वर्षी. आमच्या घरात सायकल आली तेव्हा मी चौथीत होतो आणि ती दहावीत. सायकल अर्थातच माझी. मला शिकवायला मात्र तीच होती. कॅरियर धरून माझ्यामागे धावायची, ती चिंचेच्या वळणापर्यंत. वळणापलीकडे पार होता, पारावर माणसं बसलेली असत, म्हणून वडिलांनी तिला तिथवरचीच मुभा दिलेली. वळण आलं की ती थांबायची आणि मी पुढे निघून जायचो. तिलाही सायकलवर बसावंसं वाटत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही, आणि याची मला आता मनापासून लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या फेऱ्यांसाठी तिने स्वतःची सायकल घेतली आणि पडत-झडत शिकली. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "परक्याला फिरवितूस, मला कवा नेणार?" यावर काय उत्तर देणार? तिला घेऊन आलो.

पहिल्या दिवशीच मला तिच्यावरून संकोच वाटायला लागला. आडसच्या अलीकडे आम्ही पाणी प्यायला थांबलो तर तिने मोठ्याने विचारलं, "कावून थांबलाव आपण?" बँकेतल्या मुली हसल्या. वाईट हेतूने नव्हे, त्यांना तो शब्दच नवा होता. साहेबांनी मात्र तो दिवसभर धरला. "कावून, कावून" करत राहिले. आणि मी काय केलं? 'कावून' म्हणजे 'का' हे समजावून सांगितलं, आमच्याकडे कसे गमतीदार शब्द आहेत यावर छोटंसं भाषण दिलं आणि संध्याकाळी ताईला बाजूला घेऊन म्हणालो, "चार दिवस जरा नीट बोल."

जेवताना ती एकदम पुस्तकी बोलायला लागली. "मला भाकरी नको आहे," असं. ते ऐकूनही मी शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही घाटाच्या तोंडाशी होतो. हा घाट फार उंच नाही, पण अरुंद आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि वळणावर दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की एकाला मागे सरकावं लागतं. त्यात उसाचा हंगाम. भरलेले ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्राल्या लावून कारखान्याकडे घाट उतरतात, रिकामे होऊन परत चढतात. म्हणून माझा एक नियम आहे. चाचा टेंपो घेऊन आधी उतरतात, घाटाच्या पायथ्याशी थांबतात आणि फोन करतात. त्यांनी "मोकळा हाय" म्हटलं की मी वरून एकेकाला किंवा जोडीला सोडतो, दोन-दोन मिनिटांनी. हळू जाणारा आधी, मी सगळ्यांत शेवटी. चाचांनी "मोकळा" शब्द उच्चारल्याशिवाय कुणीही पायडल मारायचं नाही.

चाचा उतरून गेले आणि त्यांच्यामागोमाग एक भरलेला ट्रॅक्टर घाटात शिरला. ऊस इतका लादलेला की बाजूच्या झाडांच्या फांद्यांना घासत होता. मी चाचांना फोन लावून सांगितलं, "हा खाली पोचला की कळवा." मग थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. वारा बोचत होता. अंगात आलेली ऊब गेली. डॉक्टरीणबाई हात चोळत होत्या, साहेब दर मिनिटाला घड्याळ बघत होते. "अहो, तुमच्या नियमात दुपार होईल," ते म्हणाले. मी हसलो, पण आतून तापलो होतो. ताई एकटी कठड्यापाशी उभी राहून घाटात कान देत होती.

तेवढ्यात फोन वाजला. घाटात आवाज धड येत नाही. खरखर, मग चाचा, मग परत खरखर. "सर... ट्रॅक्टर... खाली हाय..." आणि फोन कटला.

"चला," मी म्हणालो, "ट्रॅक्टर पोचला खाली. ताई, तू आधी."

ताईने पाय हलवला नाही. "आरं, खाली म्हंजे रिकामा आसंल की," ती म्हणाली. "रिकामा वर यायला आसंल एखादा. परत फोन लाव."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या भागात 'खाली' म्हणजे रिकामं. पोतं खाली, रांजण खाली, घर खाली. माझी आईही तसंच बोलायची आणि लहानपणी मीही. पंचवीस वर्षं पुण्यात काढल्यावर माझ्या कानात 'खाली'चा एकच अर्थ उरला होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ताईचं म्हणणं मला कळलंसुद्धा होतं. पण साहेब ऐकत होते, मुली ऐकत होत्या. या सहलीचा वाटाड्या मी होतो आणि मला बहीण शिकवत होती.

"ताई, गप बस आणि निघ," मी म्हणालो. "दरवेळी तुझं काहीतरी असतंच. तुझ्यामुळेच उशीर होतोय."

ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि निघाली. दोन्ही ब्रेक दाबत दाबत ती पहिल्या वळणाआड गेली. मी घड्याळ बघून दोन मिनिटं मोजली आणि बँकेतल्या मुलींना सोडलं. त्या हसत गेल्या. पुढची दोन मिनिटं मोजत असताना फोन परत वाजला. या वेळी आवाज अगदी स्वच्छ होता.

"सर, पोचलं का ट्रॅक्टर वर? खाली हाय ना, लई जोरात गेलंय. भरलेला अजून उतरलाच न्हाई, मधी पंक्चर होऊन उभाय म्हणं. तुमी कुणाला सोडलं तर न्हाई ना?"

मी डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "इथून हलू नका," आणि स्वतःला उतारावर झोकून दिलं. पहिलं वळण घेताना मी मुलींना हाका मारत होतो. उत्तर नव्हतं. दुसऱ्या वळणाच्या आधी मला तो आवाज आला. भरलेली ट्राली घरंगळत गुपचूप येते, रिकामी मात्र खडखडत येते, तिचं सगळं लोखंड बोलतं. तो खडखडाट डोंगरात घुमत होता. मला कळेना तो किती लांब आहे. मग कर्कश हॉर्न, मग ब्रेक, आणि मग लोखंडावर लोखंड आदळल्याचा एक आवाज. त्यानंतर काहीच नाही.

त्या वळणापर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी मोठ्याने "ताई, ताई" म्हणत होतो आणि आईला कसं सांगायचं हा विचार डोक्यात येत होता, आणि आईला जाऊन सात वर्षं झालीत हेही त्याच वेळी आठवत होतं.

वळणावर पहिल्यांदा दिसल्या त्या मुली. कड्याला पाठ लावून, सायकली धरून उभ्या होत्या, चेहरे पांढरे. त्यांच्या पुढे वीसेक पावलांवर ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या पुढच्या चाकाखाली सायकल होती, ताईची. हँडल एकीकडे, चाकाचा पार द्रोण झालेला. तिच्या कमरेची ओढणी आता हँडलला निशाणासारखी बांधलेली होती. मी ट्रॅक्टरच्या पलीकडे पाहायचं टाळत होतो.

"बाई, मरायचंय का? रस्त्यात कुणी सायकल आडवी टाकतं व्हय?" ड्रायव्हर वरून ओरडत होता.

"मंग काय दगड उचलत बसू? टाइम हुता का?" ताई म्हणाली.

ती ट्रॅक्टरच्या पलीकडे उभी होती. धडधाकट. कोपराला थोडं खरचटलेलं, बाकी काही नाही. ड्रायव्हरला ती सांगत होती, "वरून पोरी सुटल्या हुत्या. त्या वळणावर तुझी मागली ट्राली कड्याला घासून येती, तवा ह्यांनी कुठं जायाचं?" ड्रायव्हर खाली उतरला आणि चाकाशी उकिडवा बसला. मुलींकडे पाहून त्याने दोन्ही कानांना हात लावला.

मी रस्त्यातच बसलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ताई जवळ आली, माझ्या हेल्मेटवर टपली मारली.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"आरं, आमच्या गावची निम्मी माणसं दसरा झाला की ह्याच ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला जात्यात. रिकाम्याचा ड्रायव्हर कसा हाकतो ते मला न्हाई ठावं? वळण वलांडलं, उतरले, चालत निघाले. मग खडखड ऐकू आली."

"मग निघालीसच कशाला? माझ्या मुस्काटात मारायची होतीस."

"सगळ्यांम्होरं?" ती म्हणाली. "तू निघ म्हणलास, निघाले. वळणापातूर तुझं ऐकलं."

ती हे अगदी सहज बोलली. मला मात्र चिंचेचं ते वळण दिसलं आणि तिथे थांबून माझ्याकडे बघणारी, घामाने भिजलेली मुलगी. माझा मान राखायला ती त्या उतारावर सायकलवर बसली होती. मान कसला, पाच परक्या माणसांसमोरचा माझा तोरा. आणि मी तिला नीट बोलायला शिकवत होतो.

चाचा टेंपो घेऊन वर आले आणि उतरता उतरताच म्हणाले, "माझीच चुकी, सर. मी मोकळं बोलायला पायजे हुतं." मी त्यांचे हात धरले. चूक त्यांची नव्हती. 'मोकळा' ऐकल्याशिवाय सोडायचं नाही हा नियम माझा, आणि मोडणाराही मीच. वर जाऊन मी सगळ्यांसमोर हे जसंच्या तसं सांगितलं. साहेब जमिनीकडे बघत होते. ताई मात्र पुन्हा तिच्या बोलीवर आली होती. "अतिशहाण्याचा बैल रिकामा," ती चाचांना म्हणाली, "आन आमच्या शहाण्याचा ट्रॅक्टर रिकामा." यावर साहेब सोडून सगळे हसले. डॉक्टरीणबाई हसता हसता रडल्या.

घाट आम्ही सगळ्यांनी चालत उतरला.

पायथ्याशी आल्यावर ताई टेंपोत बसायला निघाली, कारण तिची सायकल आता भंगार होती. मी तिला माझी दिली. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. चाचांनी पान्याने सीट उतरवून दिलं. तरी ती सायकल तिला उंच होती, बसली की पाय जमिनीला टेकेनात, आणि सकाळचं धैर्य ओसरल्यामुळे ती आता सरळ रस्त्यावरही थरथरत होती.

"मी धरतो," मी म्हणालो.

मी सीटच्या मागून धरलं आणि धावायला लागलो. तेलगावचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, काही ठिकाणी वेचायचा राहिलेला कापूस. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस सायकलमागे धावतो तेव्हा काय अवस्था होते ते विचारू नका. ती डगमगत होती, मी धापा टाकत होतो. पुढे कालव्यापाशी रस्ता वळत होता. चाचा टेंपो घेऊन तिथे आधीच पोचले होते. पलीकडचा रस्ता बघून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडले, "सर, रोड खाली हाय!"

मी हात सोडला नाही. "ताई," मी विचारलं, "म्हंजे काय?"

"रिकामा हाय रे," ती मागे न बघता म्हणाली. "सोड आता."