केइकोमावशींकडचे सणवार

"बॉस्टनला मुलीकडे... घर विकून..." मेलबॉक्सपाशी एवढंच कानावर पडलं आणि मला बघून दोघी शेजारणी गप्प झाल्या. नाव मात्र मी ऐकलं होतं. केइकोमावशी! अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावातली भिंतीला भिंत लागून असलेली जपानी शेजारीण. पंच्याहत्तरीच्या, एकट्या. त्यांच्याकडे सतत काहीतरी सण, आणि प्रत्येक सणात माझी फजिती. असे किस्से इतके साठलेत की त्या गेल्या तर मला करमायचं कसं?

फेब्रुवारीत चौकशीला गेले. दार उघडलं आणि मूठभर भाजलेले सोयाबीन थेट कपाळावर. त्या दिवशी दाणे फेकून भुतं बाहेर काढतात आणि सुखाला आत बोलावतात म्हणे.

"मग मी कशात मोडते?"

मावशींनी मला नीट निरखलं. "आधी आत या. मग बघू."

घराचं विचारायचं राहूनच गेलं.

मार्चमध्ये त्या राजाराणीच्या बाहुल्या मांडतात. सण झाला की लगेच आवरायच्या, नाहीतर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं. आमची सायली बत्तीस वर्षांची! मी ताबडतोब राणीला टिश्यूत गुंडाळलं, मागोमाग राजाला. सायली म्हणाली, "आई, दोज आर नॉट ईव्हन अवर डॉल्स." मी म्हटलं, कष्ट तर आपले आहेत ना.

मावशी चहा घेऊन आल्या, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुनंदासान, सण उद्या आहे."

जुलैत बांबूच्या फांदीला इच्छा लिहून चिठ्ठ्या बांधायच्या. मी शेजाऱ्यांच्या इंग्रजी चिठ्ठ्या सगळ्या वाचल्या. मावशींची जपानीत, तीही अगदी खाली. घराचं काही असेल म्हणून कशीबशी वाकले आणि फोनवर भाषांतर काढलं. "सुनंदासानचे गुडघे बरे होवोत. तिला खालच्या चिठ्ठ्याही वाचायच्या असतात."

ऑगस्टमध्ये त्यांच्या टेबलावर काड्यांचे पाय लावलेली एक काकडी आणि एक वांगं. मी म्हटलं, वांगं भरायचं असेल तर मसाला देते. त्या हसल्या. त्यांचा पितृपक्षच तो. काकडीचा घोडा, गेलेलं माणूस लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय, त्यानं सावकाश परत जावं म्हणून. शेजारी त्यांच्या यजमानांचा फोटो.

आता मात्र मला राहवेना. "मावशी, तुम्ही घर विकून बॉस्टनला चाललात?"

"घर विकलं," त्या म्हणाल्या. मी खुर्चीच ओढून घेतली. "जिने चढवत नाहीत. तुमच्या मागच्या गल्लीत छोटं घर घेतलंय."

"आणि मुलगी? ती बोलावत होती ना?"

"रोज बोलावते." मावशींनी वांग्याचा वाकडा झालेला पाय सरळ केला. "पण हे दरवर्षी इथे येतात. एक गल्ली बदलली तर विचारत विचारत येतील. बॉस्टन कुठून सापडणार? यांना मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नव्हती."