टमरेलाचा आवाज

दिनांक १७ जानेवारी २०२३ रोजी रामभाऊ भोपी यांच्या बँक खात्यात ३१,५०० रुपये जमा झाले. मूळ रक्कम पस्तीस हजार. साडेतीन हजार टीडीएस कापला होता. त्याचं प्रमाणपत्र मी मागे लागून मिळवलं, रामभाऊंचं आयुष्यातलं पहिलं विवरणपत्र भरलं आणि ते पैसे परत आणले. व्यवसायाच्या रकान्याशी मात्र मला थांबावं लागलं. ही रक्कम एका प्लास्टिकच्या टमरेलाचा आवाज काढण्याबद्दल होती आणि त्यासाठी सरकारने अजून स्वतंत्र रकाना ठेवलेला नाही.

रामभाऊ आमच्या चिखलोलीतल्या सोसायटीचे पंपवाले. तीन विंग, एकशे आठ फ्लॅट. नगरपालिकेचं पाणी पहाटे पावणेसहाला येतं आणि पन्नास मिनिटं टिकतं. तेवढ्यात मोटर लावून ए, बी, सी अशा क्रमाने व्हॉल्व फिरवायचे आणि तिन्ही टाक्या भरायच्या, हे काम ते बारा वर्षं करत आहेत. वांगणीच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथे थोडी भातशेती आणि बायको विठाबाई. बारा वर्षांत त्यांनी एकदाही मोटर चुकवली नाही. तोंडही एकदा आवरलं नाही.

मी सोसायटीचा खजिनदार. रामभाऊंच्या तोंडाविरुद्ध आलेल्या अर्जांची फाइल माझ्याकडे असते. एकूण सत्तावीस अर्ज. पाण्याबद्दल त्यात एकही तक्रार नाही, सगळ्या भाषेबद्दल आहेत. सी विंगमधून एक बाई खिडकीतून ओरडल्या की आमच्या तिसऱ्या बाथरूमला धार येत नाही, तेव्हा खालून उत्तर गेलं, "घरात मानसं दोन आन् बाथरूम तीन. तिसऱ्यात काय ढुंगनाला पाव्हना येतो?" हे त्या बाईंनी अर्जात जसंच्या तसं लिहून दिलं आहे, अवतरणचिन्हांसह.

बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर रूपेश राहतो. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलेला, कॉम्प्युटरवर चित्रं काढणारा. लॉकडाऊनमध्ये तो पहाटे पंपाच्या खोलीत जाऊन रामभाऊंचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू लागला. मग वर जाऊन त्या आवाजाबरहुकूम चित्रं हलवायची आणि इंटरनेटवर टाकायची, अशी त्याने कार्टून मालिका काढली. एक लाल टमरेल सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध चेअरमन होतं. गच्चीवरची टाकी म्हशीशी लग्न लावते. वार्षिक सभा कबुतराच्या पोटात भरते. प्रत्येक भाग तीन मिनिटांचा, आणि प्रत्येकाच्या शेवटी चेअरमन संडासात वाहून जातात. पुढच्या भागात ते पुन्हा खुर्चीत असतात. ते कसे परत आले हे कोणी विचारत नाही. सुरुवातीला 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी असे, त्यामुळे अंबरनाथ ते बदलापूर सगळ्या शाळकरी मुलांना ती तोंडपाठ होती.

तक्रार आली म्हणून मी त्यातले अकरा भाग तपासले. मालिका गलिच्छ होती, निरर्थक होती आणि चित्रकला सुमार होती. आवाजाबद्दल मात्र मला आक्षेप घेता आला नाही. टमरेलाला तोंड असतं तर ते असंच बोललं असतं.

एका भागाचे रूपेश रामभाऊंना दोनशे रुपये देई. असे सत्तावन्न भाग झाले. शेवटच्या चारचे पैसे मात्र त्याने थांबवले, कारण मध्येच पिक्चरचं निघालं. "पिक्चरच्या पैशात एकदम सेटल करतो ना, रामभाऊ," असं तो म्हणाला.

पिक्चर काढणारे सनीशेठ. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. त्यांच्या मुलांनी त्यांना ही मालिका दाखवली. लोक तीन मिनिटं फुकट बघतात तर दोन तास पैसे देऊन बघतील, हा त्यांचा हिशेब. मी आयुष्यभर हिशेब लिहिले आहेत. असा गुणाकार मी कुठे पाहिला नाही. दिग्दर्शनासाठी त्यांनी जिज्ञासा नावाची मुलगी आणली. तिने पुण्यात सिनेमाचा कोर्स केला होता आणि ती हे दर दहा मिनिटांनी सांगत असे.

पहिली बैठक सोसायटीच्या ऑफिसात झाली, कारण आमच्याकडे पंखा चालतो. जिज्ञासाने वही उघडली.

"काका, मला एक सांगा. टमरेलला आयुष्यात काय हवंय?"

रामभाऊ म्हणाले, "टमरेलाला काय पाह्यजे? पानी."

"नाही, आतून. त्याची इमोशनल नीड."

"आतूनच पानी पाह्यजे ना बाय. भायेरून घेऊन काय करल?"

रूपेश हसला. जिज्ञासाने काहीतरी लिहून घेतलं. सनीशेठ म्हणाले, "साईं, फॅमिली येणार थेटरला. सर्टिफिकेट साफ पाहिजे. गालीबिली काढा. और माँ चाहिए. माँ के बिना सेकंड हाफ नहीं चलता."

म्हणून टमरेलाला आई दिली गेली. ती तांब्याची कळशी होती आणि लहानपणी जत्रेत त्याच्यापासून हरवली होती. तांब्याच्या कळशीला प्लास्टिकचा मुलगा कसा, हा प्रश्न मी विचारला. जिज्ञासा म्हणाली की तीच तर फिल्मची थीम आहे. टमरेल वाहून जाण्याचंही रद्द झालं, कारण हिरो असा जात नाही. शिव्यांच्या जागी 'उंदीरतोंड्या' हा शब्द घालायचं ठरलं. तो सगळ्यांना चालला. मालिकेत घाण सोडून काहीच नव्हतं, हे खरं. या मंडळींनी घाण काढली आणि उरलेल्या 'काहीच नाही'ला दोन तास ताणलं.

रामभाऊंना यातलं काही पटत नव्हतं, पण त्यांनी कबूल केलं. त्याला कारण विठाबाई होत्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, आणि पस्तीस वर्षं नवऱ्याच्या तोंडापायी त्यांना गावात मान खाली घालावी लागली होती. हळदीकुंकवाला बोलवायचं तर बाया म्हणत, नवऱ्याला आणू नकोस. "आता त्याच तोंडाला शेठ पैशे देतोय," रामभाऊ मला म्हणाले. "थेटरात पयल्या रांगत बसवतो तिला. माजा आवाज भोंग्यातून आयकल. मंग बगू काय बोलते." विठाबाईंनी जन्मात थिएटर पाहिलं नव्हतं. त्यांनी यायचं कबूल केलं. गावात सर्वांना सांगून झालं.

चौदा महिने चित्रं चालली. मार्च २०२४ मध्ये आवाजासाठी बोलावणं आलं. रामभाऊंनी मला बरोबर चलायला सांगितलं, म्हणून मी दोन रजा टाकल्या. स्टुडिओ म्हणजे सनीशेठच्या दुकानामागचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना दुकानातल्याच गाद्या उभ्या केल्या होत्या, वरचं प्लास्टिक न काढता, म्हणजे नंतर विकता येतील. समोर पडद्यावर टमरेल बोलत होतं. त्याचं तोंड हलेल तेव्हा रामभाऊंनी बोलायचं आणि मिटेल तेव्हा थांबायचं.

"बोला काका, 'अरे उंदीरतोंड्या, माझी आई कुठे आहे?'"

"अरे उंदीर..." तोवर टमरेलाचं तोंड मिटलं.

"परत."

असं एकोणीस वेळा झालं. विसाव्या वेळी रामभाऊ पडद्याला म्हणाले, "थांब ना रे भोसडीच्या, बोलू दे मना." हे वाक्य टमरेलाच्या ओठांवर अगदी बरोबर बसलं. रूपेश टेबलावर हात मारून हसला. सनीशेठ म्हणाले, "ये काटना पड़ेगा."

दुपारपर्यंत रामभाऊंचा घसा बसला. समोर भांडायला माणूस नाही, कानात मोटरचा आवाज नाही, पाणी जायची घाई नाही. त्या खोलीत त्यांना बोलायला काही कारणच नव्हतं. मी जिज्ञासाला सांगितलं, मालिकेत आधी आवाज असे आणि चित्र मागून येई; तुम्ही उलट केलंत. आधी ताळेबंद छापायचा आणि मग त्यात बसतील अशी व्हाउचरं शोधायची, असा हा प्रकार आहे.

"काका, प्रोसेस अशीच असते," ती म्हणाली. "चित्रं झाली आहेत. चौदा महिने गेलेत."

मी रूपेशकडे पाहिलं. सत्तावन्न भाग त्यानेच आधी आवाज, मग चित्र असे केले होते. त्याच्या एका वाक्याने फरक पडला असता. तो फोनमध्ये बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सनीशेठनी रामभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "आराम करा. जितना हुआ उतना मशीन पे बिठाएंगे. तुमचंच आहे सगळं." रामभाऊंनी ते खरं मानलं. मीही जवळजवळ मानलं.

पिक्चर नोव्हेंबरात बदलापूरच्या थिएटरात लागला. पहिल्या रांगेची तिकिटं स्वस्त असतात हे रामभाऊंना तिथे जाऊन कळलं. मान वर करून आम्ही तिघं बसलो. विठाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि पिशवीतून त्यांनी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या, त्या दारावर काढून घेतल्या. हॉलमध्ये बाकी वीसेक माणसं असतील.

टमरेल पडद्यावर आलं आणि बोललं. आवाज स्वच्छ होता, भारदस्त होता, आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात असा. प्रत्येक शब्द ओठांवर अचूक बसत होता. टमरेल म्हणालं, "अरे उंदीरतोंड्या, माझी आई कुठे आहे?"

मागे कोणीतरी जांभई दिली.

रामभाऊ काही बोलले नाहीत. मी त्यांना ओळखतो त्या बारा वर्षांत पहिल्यांदाच. विठाबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"ह्यो तुजा आवाज?"

"हां."

"नाय. तुजा लय घान हाय."

"मंग?"

"मंग काय. तुजा बोलला की मानूस हलतं तरी." त्यांनी पदर नीट केला. "ह्याची आयस सापडली तरी हा असाच बोलल. चल, गाडी पकडू."

रामभाऊंनी त्यांना खाली बसवलं. तिकिटाचे पैसे दिले आहेत, पुरं बघायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आई सापडली. गाणं झालं. शेवटी नावांची यादी आली. तिच्यात 'विशेष आभार'खाली, चहा पुरवणाऱ्याच्या नंतर, रामभाऊ भोपी हे नाव होतं. दोघांनाही वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं नाही.

पिक्चर सहा दिवस चालला. सनीशेठनी गाद्या पुन्हा दुकानात लावल्या. जिज्ञासा कुठेतरी शिकवते असं ऐकतो. शिकणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

डिसेंबरात एका पहाटे मी पाण्याचं मीटर बघायला खाली उतरलो. रामभाऊ सी विंगच्या खिडक्यांकडे तोंड करून पूर्ण जोरात होते. रविवार म्हणून तीन माणसांनी पाण्याचा पाइप चालू ठेवून गाड्या धुतल्या होत्या, आणि त्या तिघांच्या गाड्यांचे व त्यांच्या पूर्वजांचे जे संबंध रामभाऊ जोडत होते ते इथे लिहिता येणार नाहीत. फाइलमध्ये ते आहेत, अठ्ठाविसावा अर्ज.

तेवढ्यात रूपेश जिना उतरून आला. हातात फोन, बटण आधीच दाबलेलं. रामभाऊंनी तोंड मिटलं आणि व्हॉल्व फिरवू लागले.

"बोला ना, रामभाऊ. मालिका परत चालू करतोय. पब्लिक विचारतंय."

रामभाऊंनी व्हॉल्व पुरता घट्ट केला, हात फडक्याला पुसले.

"आदी चित्रं काड," ते म्हणाले. "मंग मी बगतो तोंड हालवून."

"असं काय करता? तसं नाही होत, तुम्हाला माहितीये."

"मना म्हायती. गोदामात तुला नव्हतं म्हायती."

रूपेश मोटर बंद होईपर्यंत फोन धरून उभा राहिला. त्यात मोटरचाच आवाज आला. त्यानंतरही तो तीन-चार पहाटे उतरला. तो दिसला की रामभाऊ गप्प होतात, आणि तो वर गेला की राहिलेलं पुरं करतात. मालिका बंद पडली आहे.

शेवटच्या चार भागांचे आठशे रुपये रूपेशने रामभाऊंना अजून दिलेले नाहीत.