जिवंत मुलाच्या फोटोला हार

"मॅडम, पोराच्या हातात दाखला देतो आणि विषय संपवतो," मुख्याध्यापक गव्हाणे सर म्हणाले.

त्यांचा मोबाईल टेबलावर माझ्यासमोर होता. त्यांच्याच शाळेतला दहावीचा करण डांबरी रस्त्यावर कोयता घासत चालला होता. ठिणग्या उडत होत्या. मागे ढोल वाजत होते. मग स्क्रीन काळा झाला आणि एक फोटो आला. शाळेच्या गणवेशातला मुलगा, फोटोला हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तारीख.

फोटोतला मुलगा सुयश. तोही दहावीतच होता आणि जिवंत होता. तारीख त्याच दिवसाची होती.

ओंकार, सानिका, माझ्या भाचरांनो, मारामारीचे गेम आणि सिनेमे पाहून मुलं खरंच तशी होतात का, असं तुम्ही परदेशातून फोनवर विचारलंत. आईनं गेम बंद केल्यापासून तुम्हाला हा प्रश्न पडलाय, हे मला कळतं. हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून हा एक दिवस सांगते.

घोडेगावजवळच्या या शाळेत मी महिन्यातून एकदा नगरहून समुपदेशनाला जाते. ही माझी नेहमीची फेरी नव्हती. सरांनी सकाळी फोन करून बोलावलं होतं.

आमच्या कामात 'थ्रेट असेसमेंट' म्हणून एक प्रकार असतो. म्हणजे धमकी किती खरी, याचा अंदाज. रागाच्या भरात मुलं "मारून टाकीन" म्हणतातच. तेवढ्यावर आम्ही घाबरत नाही. आम्ही तीन गोष्टी पाहतो. कुणाला, कधी आणि कशानं. या तिन्हींची उत्तरं ठरलेली असतील, तर मग खुर्चीत बसून चालत नाही. इथं तिन्ही उत्तरं एकाच व्हिडिओत होती.

"दाखला देऊ नका," मी म्हटलं. "आज तो निदान बाकावर तरी आहे. उद्या कुठं असेल ते तुम्हाला कळणार नाही. आधी पोलीस स्टेशनला फोन करा."

"शाळेचं नाव पेपरात येईल हो."

"आज काही झालं तर मोठ्या अक्षरात येईल."

सरांनी फोन केला. तो होईपर्यंत मी विचारलं, "सुयश कुठं आहे?"

"गैरहजर आहे. एका परीनं बरंच झालं."

मला ते बरं वाटलं नाही. आम्ही त्याच्या घरी फोन लावला. त्याची आई म्हणाली, "शाळंतच गेलाय की, सर. दप्तर घेऊन गेला. का वो? काय झालं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "नंतर सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

करणला आत बोलावलं. किडकिडीत मुलगा, ओठावर जेमतेम मिसरूड. त्याचं दप्तर पाहिलं, त्यात वह्याच होत्या.

"कोयता कुठं आहे?"

"घरी हाय. नानाचा हाय त्यो."

नाना म्हणजे त्याचा चुलता. "नाना ऊस तोडतात?"

"न्हाई. वाढदिवसाला केक कापत्यात त्याच्यानं."

हे तुम्हाला नवीन वाटेल. इकडं काही लोक वाढदिवसाचा केक सुरीनं कापत नाहीत. भर चौकात, गाडीच्या बॉनेटवर, तलवारीनं नाहीतर कोयत्यानं कापतात आणि त्याचा व्हिडिओ टाकतात. त्यांचे फ्लेक्स लागतात. मुलं ते सगळं येता-जाता पाहतात.

भांडण अगदी क्षुल्लक होतं. कबड्डीत करण घसरून पडला. सुयशनं त्याचा व्हिडिओ हसण्याचा आवाज जोडून टाकला. करणनं त्याला असं उत्तर दिलं.

"तू खरंच त्याला मारणार होतास?"

"न्हाई ओ मॅडम. पन समदे विचारत्यात. कधी? कुठं? नुसता व्हिडिओच का? मंग मी लिवलं, बाजारात. आता न्हाई गेलो तर पार इज्जत गेली."

"कोण विचारतं? वर्गातली मुलं?"

"पोरं पन. पन पयलं नानानंच विचारलं. म्हनला, आमी बघायला येतू."

नाना दोन मुलांचा बाप आहे. मी एवढ्यासाठी सांगते, की प्रेक्षकांचं वय तुमच्या लक्षात यावं.

तेवढ्यात एक हवालदार आले. त्यांना करणजवळ बसवलं. बाकीचे पोलीस बाजाराकडं निघाल्याचं कळलं. सुयशचा मामा त्या बाजारात टेम्पोतून म्हशी आणतो; सुयश त्याच्याकडंच गेला असेल असं आम्हाला वाटलं, आणि तो टेम्पो सर ओळखत होते. आम्ही सरांच्या गाडीतून निघालो. वाटेत मी प्रत्येक मोटरसायकलवरच्या मुलाच्या हाताकडं पाहत होते.

घोडेगावचा जनावरांचा बाजार तुम्ही पाहिलेला नाही. म्हशी, गाई, दलाल, धूळ, आरडाओरडा. त्यात एक पोरगं शोधायचं. गणवेशातला एक मुलगा पाठमोरा दिसला, सर धावले. तो दुसराच निघाला, गोळ्या घेत होता. माझ्या डोळ्यांसमोरून तो हाराचा फोटो हलत नव्हता.

टेम्पोंच्या रांगेच्या शेवटी सुयश दिसला. टेम्पोच्या चाकाला पाठ घट्ट लावून जमिनीवर बसला होता. दप्तर मांडीवर होतं आणि हात दप्तराखाली. तोंडावर धूळ, ओठ सुकलेले. मामा पलीकडं सौद्यात गुंतला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

सर टेम्पोला वळसा घालून मागून जायला निघाले. मी त्यांची बाही धरली. "मागून नको. दोघंही समोरून, सावकाश." घाबरलेल्या माणसाजवळ कधीही मागून जाऊ नये. हे पहिल्या वर्षी शिकवतात, पण त्याची गरज मला तोवर पडली नव्हती.

लांबूनच मी म्हटलं, "सुयश, मी समुपदेशनाची मॅडम. सर माझ्याबरोबर आहेत. आम्ही दोघंच आहोत."

तो ताडकन उठला. दप्तर खाली पडलं. त्याच्या हातात जनावर बांधायचा लोखंडी खुंटा होता, टोकदार. "थितंच थांबा!" तो ओरडला. "करन कुठंय?"

"शाळेत, सरांच्या केबिनमध्ये. पोलीस त्याच्याशेजारी आहेत."

"खोटं हाय. तो मागनं येनार. समद्या व्हिडिओत मागनंच येत्यात. तो यायच्या आधी मी घालनार."

खुंटा माझ्यापासून चार हातांवर होता. मी कडब्याच्या पेंढीवर बसले. धैर्यानं नाही, उभं राहवेना म्हणून. पण बसलेल्या बाईची भीती कमी वाटते, त्याचा उपयोग झाला. सरांना मी केबिनमधल्या हवालदारांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. त्यांनी उचलला. सरांनी मोबाईल हात लांब करून सुयशकडं धरला.

स्क्रीनवर करण होता, केबिनमधल्या स्टुलावर. रडत होता.

"सुयश, मी न्हाई येत," तो म्हणाला. "मी येनारच नव्हतो रे."

"मंग तारीख कशाला टाकली?"

"समदेच टाकत्यात."

सुयशच्या हातातून खुंटा गळाला आणि तो मटकन खाली बसला. सरांनी खुंटा उचलून स्वतःच्या काखेत धरला. मामा धावत आला. "आरं, माजा खुंटा तुज्याकडं कसा?" त्याला सगळं सांगितल्यावर तोही भाच्याशेजारी धुळीत बसला.

पोलिसांना नाना बाजारातच सापडला, चहाच्या टपरीवर, मित्रांबरोबर. बघायला आला होता. "मजाक हुती ओ मॅडम," तो मला स्टेशनमध्ये म्हणाला. "पोरांची गंमत. तुमी लईच मनावर घेतलं." कोयता जप्त झाला. नानावर केस झाली, ती अजून चालू आहे. करणचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडं गेलं. अठरा वर्षांखालच्या मुलांचं काम तिथं चालतं. शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो. दोन्ही मुलं वर्षभर माझ्याकडं येत होती, आधी वेगवेगळी, मग एकत्र. दोघंही दहावी पास झाले. करणला दोन मार्क जास्त पडले, ते सुयशला अजून खुपतं. हे भांडण मला चालतं.

व्हिडिओ करणनं लगेच काढला, पण तोवर तो पुढं गेला होता. सुयशच्या आईच्या मोबाईलवर तो अजून अधूनमधून कुणीतरी पाठवतं. खरं आहे का, असं विचारतं. ती दर वेळी आधी मुलाला हाक मारते, त्यानं ओ दिली की मग उत्तर लिहिते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तसले व्हिडिओ दोघांनीही रोज पाहिले होते. करणला त्यातून रुबाब मिळाला. सुयशला एवढंच कळलं, की आपल्याला कुणीतरी मागून मारणारच आहे. त्या दिवशी खरं हत्यार घेऊन बसला होता तो सुयश, श्रद्धांजली ज्याला वाहिली होती तो.

गेमचं तुमची आई ठरवेल, मी मध्ये पडत नाही. पण तुम्ही टाकलेल्या एखाद्या गोष्टीखाली कुणी "कधी?" असं लिहिलं, तर उत्तर देऊ नका. आधी लिहिणाऱ्याचं वय बघा आणि मग मला फोन करा. तिकडं दिवस असो की रात्र, मी उचलीन.