रूबेनची वही

रूबेन गेल्याचा फोन आला, तेव्हा त्याच्या लेकीला मी पहिला प्रश्न विचारला तो हा : "परतीचं तिकीट काढलं होतं का गं त्यानं?" पलीकडून नुसतं रडणं. मग यास्मिन म्हणाली, "नाही, काका." ही काय विचारायची वेळ, असं कुणीही म्हणेल, आणि माझी बायको म्हणालीच. पण सहा आठवडे उलटल्यावर लाज गिळून कबूल करतो, की ते उत्तर मला त्याच्या मरणाइतकंच लागलं.

रूबेन अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. मराठी माझ्याहून झणझणीत. जहाजावर तो चीफ इंजिनियर, मी त्याच्या हाताखाली सेकंड. पुढे दोघांनीही सिंगापुरात बस्तान बसवलं, यिशुनला समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये. संशय घ्यायला मला त्यानंच शिकवलं. इंजिनरूममध्ये मी काटा बघून "ठीक आहे" म्हटलं की ओरडायचा, "दिनकर, गेज खोटं बोलतं! बेअरिंगला पालथा हात लावून बघ." ती सवय मी घरी आणली, ती काही सुटली नाही.

त्याची बायको वारली, यास्मिन लग्न करून इस्रायलला स्थायिक झाली, तेव्हापासून रविवारी दुपारी आमचा बुद्धिबळाचा डाव ठरलेला. गेल्या वर्षी तो अचानक बंद पडला. "जरा काम असतं रे." बरं, शुक्रवारी ये म्हटलं तर हा दुपारभर मोकळा! रविवारी काम आणि शुक्रवारी सुट्टी, सिंगापुरात असं कुठलं ऑफिस आहे? माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, हॉस्पिटलच्या चकरा लपवतोय. मग एका रविवारी त्याच्या कॉरिडॉरमधून मुद्दाम हळू चालत गेलो. आत बाईचा आवाज, आणि तिच्यामागून रूबेन काहीतरी घोकतोय... घरी येऊन बायकोला म्हटलं, "प्रकरण आहे."

दोन दिवसांनी तो मलिदा घेऊन आला. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं त्यांच्यात हा करतात, नवस फेडायला किंवा मोठ्या कामाला निघताना. एरवी मलिद्याला तो मला आधी बोलवायचा, या वेळी ताट परस्पर घरी.

"कसला रे हा?"

"असाच."

मलिदा असाच कुणी करत नाही.

शेवटी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कोपी म्हणजे इथली कॉफी पिता पिता त्याला गाठलाच. तेव्हा म्हणाला, तो हिब्रूच्या वर्गाला बसतो. ऑनलाइन, रविवार ते गुरुवार, रोज पाच तास. उल्पान म्हणतात त्याला. "नातवाला मराठी येत नाही रे. त्याच्याशी बोलायला नको? महिनाभर जाऊन येतो."

माझीही नात मराठीत विचारलं तर "Okay lah, Ajoba" म्हणते, म्हणून मी काही रोज पाच तास शाळेत जात नाही. मी घरी येऊन शोधलं. तो वर्ग तिथं कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी असतो. दुसऱ्या दिवशी त्याला तोंडावर विचारलं. तो कोपी ढवळत राहिला. मी म्हटलं, "जा की. तुला कोण अडवतंय?" हेच आमचं शेवटचं बोलणं. विमानतळावर मी गेलो नाही. इस्रायलला पोचल्यावर अठराव्या दिवशी झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं.

महिन्यापूर्वी यास्मिन फ्लॅट रिकामा करायला आली. तिनं एक वही आणली होती. वर्गात 'माझा मित्र' यावर काही ओळी लिहायला सांगितल्या होत्या, त्या तिनं मला मराठीत वाचून दाखवल्या : माझा मित्र दिनकर समोर राहतो. तो सगळ्यावर संशय घेतो. मी कायमचा जाणार आहे हे दिनकरला कसं सांगू, मला माहीत नाही.

मला रडू आलं. जे त्याला माझ्यासमोर चाळीस वर्षांच्या मराठीत सांगता आलं नाही, ते त्यानं पोरासारखं नव्या भाषेत आधी लिहून बघितलं होतं.

यास्मिन वही माझ्याकडे ठेवून गेली. ती गेली आणि... सवय ती सवय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून पोरीनं मनानंच तर वाचलं नसेल? मी मुळाक्षरांचं पुस्तक मागवलं. छापील अक्षरं वेगळी, हातानं लिहायची वेगळी, आणि सगळं उजवीकडून. आता रविवारी दुपारी बुद्धिबळाच्या पटावर त्याची वही उघडून बसतो. तीन रविवारांत मला एकच शब्द पक्का वाचता येतो, तो म्हणजे माझं नाव.

ते त्या पानावर तीन ठिकाणी आहे, तिसऱ्यांदा अगदी शेवटच्या ओळीत. यास्मिननं दोनदाच वाचलं होतं.

तिला फोन करून विचारता येईल, पण मी विचारणार नाही. शेवटच्या ओळीत माझ्याबद्दल काहीतरी आहे, जे पोरीला वाचून दाखवता आलं नाही. ते मी स्वतः हात लावून बघणार आहे. एकेक अक्षर लावतोय.